पाडव्याचं राहिलेलं नाटक
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस वेळ पाळतो, असा त्यांचा समज असावा. प्रयत्न करतो.

पंचवीस वर्षांचा आढावा म्हटलं की पाण्याची टाकी, लिफ्ट, ओसी आणि पार्किंग. त्यावर बोलणारे इथे पुष्कळ आहेत. मी आपल्या नाटकावर बोलणार आहे. २००१ च्या पाडव्यापासून दर वर्षी गच्चीवर होणारं ते नाटक २०२० साली थांबलं ते थांबलंच.

जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या वर्षी पाडवा होता २५ मार्चला. तालमी जवळजवळ पूर्ण झाल्या होत्या, मंडपवाल्याला आगाऊ रक्कमही दिली होती. नेमका तोच देशभराच्या लॉकडाऊनचा पहिला दिवस ठरला. घरोघरी गुढ्या उभारल्या, पण खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सिद्धिविनायकाच्या परिसरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तशा शांततेची सवय नाही. त्या शांततेचीच भीती वाटत होती.

आपलं नाटक हौसेचं होतं. पण ज्यांचं पोट नाटकावर आहे, त्यांचं काय झालं? मार्चच्या मध्यापासून नाट्यगृहं बंद. नट निदान मालिकांकडे वळू शकत होते. नेपथ्य लावणारे, इस्त्री करणारे, प्रकाशयोजनेचे सहायक, बुकिंगवर बसणारे, यांचं कामच मुळी रोजावर. प्रयोग झाला तर ‘नाईट’ मिळणार, नाही झाला तर नाही. त्यांतल्या काहींनी भाजी विकली, काही गावी गेले. नाट्य परिषद, कलाकार आणि रसिकांनी मदत केली, पण मदतीवर माणूस किती महिने जगणार?

नाट्यगृहं पन्नास टक्के प्रेक्षकांत उघडायला परवानगी मिळाली ती ५ नोव्हेंबर २०२० पासून. योगायोग पाहा, तो मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली याच दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. पण परवानगी मिळाली म्हणून नाटक लगेच होत नाही. माझ्यातल्या बँकवाल्याला हिशेब मांडू द्या. समजा, आठशे खुर्च्या आणि सरासरी तीनशे रुपयांचं तिकीट. पूर्ण भरलं तर दोन लाख चाळीस हजार. निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या म्हटलं की झाले एक लाख वीस हजार. खर्च मात्र निम्मा होत नाही. जाहिरात तेवढीच, नेपथ्याचा टेम्पो तेवढाच, सगळ्यांची नाईट तेवढीच. असा कर्जाचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी परत पाठवला असता. तरीही डिसेंबरमध्ये प्रशांत दामल्यांनी पुण्यात ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ करून पडदा उघडला. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत तो पुन्हा पडला. २२ ऑक्टोबरला परत उघडला, पुन्हा निम्म्याच खुर्च्यांसाठी. सगळे निर्बंध उठले ते २ एप्रिल २०२२ ला, आणि त्या दिवशीही पाडवाच होता.

लहान प्रायोगिक संस्थांची गत आणखी वेगळी. मी तरुणपणी बँकेतून सुटलो की दादरला छबिलदास शाळेत जायचो. ‘आविष्कार’ने १९७४ पासून तिथे नाटकं सुरू केली होती. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे ही मंडळी पदरमोड करून नाटक करत. अशा संस्थांकडे बुडायला भांडवल नसतं. त्यांचं भांडवल म्हणजे संध्याकाळी एकत्र जमणारी दहा-पंधरा माणसं. महामारीने नेमका त्या जमण्यावरच घाव घातला.

आता आपल्याकडे येतो.

आपले प्रॉम्प्टर काका तिसऱ्या मजल्यावर राहायचे. गिरणीत नोकरी केलेला माणूस. परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांच्या नाटकांत त्यांनी कामं केली होती. तो हॉलही पुनर्बांधणीसाठी २०२३ मध्ये बंद झाला. आपल्या नाटकात मात्र त्यांनी कधी तोंडाला रंग लावला नाही. विंगेत स्टुलावर बसून वही धरायचे. मला ‘साहेब’ म्हणायचे.

एप्रिल २०२१ मध्ये त्यांना न्यायला खाली अँब्युलन्स आली. आम्ही सगळे आपापल्या गॅलरीत उभे होतो. मी हात केला. त्यांनी वर पाहिलं की नाही, मला माहीत नाही. वीस वर्षं ज्या माणसाने मला दर वर्षी अडल्या ठिकाणी शब्द दिला, त्याच्यासाठी मी दोन मजले खाली उतरलो नाही. नियम होता, बरोबरच होता. पण अजून ते मनातून जात नाही. शोकसभाही मोबाइलवरच झाली.

बालगंधर्वांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, आणि तरी ते उभे राहिले. थोर माणूस. पण सगळ्यांना ते जमत नाही. २०२२ नंतर तुम्ही मला दर पाडव्याला विचारलंत, “नाटक कधी?” मी कधी गुडघ्याचं कारण सांगितलं, कधी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं. खरं कारण आज सांगितलं.

२०२२ मध्ये ‘चारचौघी’ पुन्हा रंगमंचावर आलं. १९९१ साली ते आम्ही दोघांनी पाहिलं होतं, म्हणून सौ.ने मला ओढून नेलं. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले, आणि काळोखात शेकडो माणसं एकदम गप्प झाली. तीही शांतताच होती. पण पाडव्याच्या त्या सकाळची नव्हे. या शांततेत माणसं होती. मला रडू आलं. सौ.ने पाहिलं, पण काही बोलली नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत आपलं रवींद्र नाट्यमंदिर दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलं. चालत दहा मिनिटांवर आहे. माझी विनंती आहे, पास मागू नका, तिकीट काढा. त्या तिकिटात विंगेतल्या माणसाची नाईट असते.

आणि दुसरी गोष्ट. गेल्या महिन्यात काकांच्या मुलाने मला २०२० च्या नाटकाची वही आणून दिली. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. ‘इथे हशा येईल, थांबणे.’ ‘वहिनी वाक्य गाळतात.’ बाविसाव्या पानावर, ‘साहेब इथे अडतात. आधीच तयार राहणे.’

येत्या पाडव्याला तेच नाटक करायचं ठरवलं आहे. त्यातले दोघे नट आता परदेशी आहेत, एक ताई सोसायटी सोडून गेल्या आहेत, त्यामुळे जागा रिकाम्या आहेत. वही काकांची नात धरणार आहे. ती म्हणाली, “आजोबा, मला मराठी भरभर वाचता येत नाही.” मी म्हटलं, चालेल, मलाही आता भरभर आठवत नाही.

तालीम शनिवारी रात्री साडेआठला, गच्चीवर. येताना आपापली खुर्ची आणावी.