फुप्फुसांचा विकार आणि पायांचे बळ



आम्ही पेशाने शाळामास्तर, वैद्य नव्हे. तरीही या मंगल प्रसंगी रोगाचा विषय काढतो आहोत, त्याला घरचे कारण आहे.

आमचे अब्बा उमेदीत विडी ओढत. पुढे त्यांना फुप्फुसांचा जुनाट विकार जडला. डॉक्टर त्याला सी.ओ.पी.डी. म्हणतात. वर्षानुवर्षे चुलीचा धूर गिळणाऱ्या आयाबहिणींनाही तो होतो. चार पावले चालताच अब्बांना धाप लागे, म्हणून आम्ही त्यांना खुर्चीत बसविले. पाण्याचा पेलासुद्धा हाती नेऊन देऊ लागलो. यालाच आम्ही सेवा समजत होतो. वर्षभरात त्यांना आधाराशिवाय उठवेना. नमाजही खुर्चीतच पढू लागले. वजनाचा काटा मात्र होता तेथेच होता, म्हणून आम्ही निर्धास्त!

येथेच आमची चूक झाली. काटा मांस व चरबी यांत भेद करीत नाही. या विकारात मांडीचा पुढील स्नायू झिजतो. हालचाल तुटणे, अन्न कमी जाणे, अंगातील दाह, वारंवार घ्यावी लागणारी स्टिरॉइडची औषधे, अशी त्याची अनेक कारणे आहेत. मांडीचे बळ घटलेल्या रुग्णांना मृत्यूचा धोका अधिक, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

ही झीज पाहावी कशी? गरोदरपणामुळे घरोघरी ठाऊक झालेली सोनोग्राफी येथे उपयोगी पडते. रुग्णाने उताणे, पाय सैल सोडून निजावे. कमरेचे हाड व गुडघ्याची वाटी यांमधील अंतराचे पाच भाग कल्पून, कमरेकडून तीन भागांवर खूण करतात. तेथे जेल लावून प्रोब हलकेच टेकवितात; दाबला तर स्नायू चेपून माप खोटे येते. दोनतीन मापांची सरासरी धरतात. या मापाचा मांडीच्या बळाशी मेळ बसतो, हे लंडनच्या संशोधकांनी २००९ साली दाखविले. यात क्ष-किरण नाहीत आणि तपासणी खाटेपाशीच होते. परंतु यंत्र व हात बदलला की माप थोडे बदलते. म्हणून केवळ एका आकड्यावर निर्णय न करता बळ व चाल यांचीही परीक्षा घ्यावी लागते.

१९९४ च्या कायद्यान्वये हे यंत्र नोंदणीकृत जागीच ठेवता येते. तेव्हा ट्रस्टने ते विकत घ्यावे, असे आमचे म्हणणे नाही. घरी एक साधी खूण पाहता येते. हात छातीशी घेऊन रुग्णास खुर्चीतून पाच वेळा उठूनबसून पाहू द्यावे. शेजारी कोणीतरी उभे राहावे. जमत नसेल, किंवा दिवसेंदिवस वेळ वाढत असेल, तर डॉक्टरांना सांगावे.

कारण गेलेले बळ पुष्कळ अंशी परत मिळविता येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सहा ते आठ आठवडे ठरावीक व्यायाम आणि जोडीला डाळ, दूध, अंडी असा आहार, एवढा हा उपाय आहे. अब्बांची फुप्फुसे सुधारली नाहीत. पण आज ते आपल्या पायांनी अंगणात येतात आणि पेला स्वतः भरून घेतात.

आपला ट्रस्ट औषधांना साहाय्य देतोच. यापुढे व्यायामासाठी जाणाऱ्या गरीब रुग्णाचे रिक्षाभाडेही त्यात धरावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.