तिथीची पाऊणपट

मी बोईसरजवळच्या नवापूरची. घर समुद्राला लागून. नवरा तारापूरच्या कारखान्यात पाळीवर कामाला, सासरे उमेदीत होडीवर जाणारे, आणि मी दोन मुलांची आई. शिक्षणशास्त्रातली पदवी वगैरे माझ्याकडे काही नाही. तरी मुलाला घरी शिकवण्याबद्दल आज बोलणार आहे. कारण या कामात मी एक चूक केली आणि तिची किंमत माझ्या मुलानं मोजली.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा धाकटा चौथीत होता. त्याच्याशेजारी रोज बसायला लागले आणि लक्षात आलं, की याला दुसरीचा धडादेखील नीट वाचता येत नाही. इतके दिवस तो ऐकून पाठ करायचा, ओळीवर बोट फिरवायचा आणि आम्हाला वाटायचं, वाचतोय. पुढे मुंबईला तपासणी झाली. डिस्लेक्सिया निघाला. बुद्धी चांगली, पण अक्षरांशी झगडा. शाळा पुन्हा उघडल्या तरी आम्ही त्याला घरीच ठेवायचं ठरवलं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात घरी शिकवण्याचा वेगळा उल्लेख नाही, त्यामुळे परवानगी कुणाकडे मागायची हाही प्रश्नच होता.

आता माझी चूक. मी एक तयार संच मागवला, चौदा हजारांचा. पुस्तकं, तक्ते, रंगीत कार्डं, आणि दर आठवड्याचं वेळापत्रक. खोक्यावर 'इयत्ता पाचवी' असं छापलेलं. माझा मुलगा पाचवीच्या वयाचा, म्हणून पाचवीचा संच. चपला घेतानाही आपण पाय मोजतो. इथे मात्र मी वय मोजलं. सात महिने वेळापत्रक आमच्यापुढे आणि आम्ही त्याच्यामागे. पैसे भरलेत, म्हणून मी सोडीना. मुलगा बोलायचा कमी झाला. एक दिवस पाण्याच्या पिंपामागे त्यातली दोन पुस्तकं सापडली, भिजून लगदा झालेली. त्या दिवशी मी त्याच्यावर हात उचलला. हे सांगताना आजही बरं वाटत नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी अपूर्णांकांचा गुणाकार चालला होता. पाऊण गुणिले सहा. मुलगा गप्प, मी चिडलेली. ओटीवरून सासऱ्यांनी सहज विचारलं, "आज षष्ठी ना रे? पाणी कधी भरेल?" तो वहीतून मान वर न करता म्हणाला, "साडेचारला."

आमच्या किनाऱ्यावर हा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. घड्याळाशी थोडं मागेपुढे होतं, पण काम भागतं. पुस्तकात जे गणित अडलं होतं, तेच त्यानं तोंडी सोडवलं होतं. अडत होतं ते गणित नव्हतं, ते छापलेलं वाक्य होतं.

मला माझी आत्या आठवली. तिनं कोसबाडला बालसेविकेचं प्रशिक्षण घेतलेलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. माँटेसरीची महागडी साधनं त्या पाड्यांवर परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली. आत्या सांगायची, मूल कुठं आहे ते आधी बघायचं, मग आपण तिथं जायचं. मी खोकं घेऊन त्याला माझ्याकडे ओढत होते.

मग मी बालभारतीची पहिली ते सहावीची पुस्तकं गोळा केली. ती संकेतस्थळावर फुकट मिळतात. बोईसरला जाऊन लागतील तेवढी पानं छापून आणली. प्रत्येक पुस्तकातली दोन-दोन पानं त्याच्यापुढे ठेवली, नि कुठं अडतो ते टिपलं. वाचनात दुसरीला अडला. गणित मी वाचून दाखवलं, तर सहावीपर्यंत गेला. परिसराचं तर मलाच त्याच्याकडून शिकावं लागलं. म्हणून मराठी दुसरीची, गणित सहावीचं आणि विज्ञान किनाऱ्यावर, असा अभ्यासक्रम ठरला. एका मुलाच्या तीन इयत्ता. शेजारच्या काकूंना हे विचित्र वाटलं. मलाही वाटत होतं.

मधल्या काळात कुणी सांगायचं, तुमचा मुलगा 'बघून शिकणारा' आहे, कुणी म्हणायचं 'हातानं शिकणारा', त्याप्रमाणे पुस्तकं घ्या. मीही भुलले होते. पण २००८ साली चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासलं. शैलीप्रमाणे शिकवल्यानं मूल जास्त शिकतं, याला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. माझा अनुभवही तोच. चित्रं दाखवून त्याचं वाचन सुधारलं नाही. सुधारलं ते एकेक अक्षर नि त्याचा आवाज यांची रोज वीस मिनिटं जोडी लावून. कंटाळवाणं काम आहे. दीड वर्ष लागलं.

परीक्षेचं विचाराल, तर दोन-तीन वाटा आहेत. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला खाजगी बसता येतं. आम्ही राष्ट्रीय मुक्त विद्यालय घेतलं. तिथं दहावीला किमान चौदा वर्षं पूर्ण लागतात, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि सुटलेला विषय सुटलेलाच राहतो. प्रमाणपत्र असेल तर जादा वेळ नि लेखनिकही मिळतो. आमचा गणितात सुटला आहे. मराठी त्यानं मुद्दाम शेवटी ठेवलं आहे.

सगळं छान झालं असं नाही. त्याला वर्गमित्र नाहीत. संध्याकाळी सुरूच्या बनात क्रिकेट खेळतो तेवढीच सोबत. मोठी बहीण शाळेच्या सहलीला निघाली की तो त्या दिवशी जेवत नाही. यावर माझ्याकडे उपाय नाही.

परवा कालनिर्णयाच्या पानामागचा मजकूर तो आजोबांना वाचून दाखवत होता. एका पानाला चांगली वीस मिनिटं लागली. सासरे मध्ये एकदाही बोलले नाहीत. पान संपल्यावर म्हणाले, "आता पुढच्या महिन्याचं वाच."