४१० चौरस फुटांचा साधेपणा

लहान घर कसं मांडावं, हा प्रश्न मुंबई-ठाण्याच्या बाजूला राहणाऱ्या अनेकांना पडतो. मलाही पडला. घर ४१० चौरस फुटांचं आणि माणसं चार: ऐंशी पार केलेली अम्मी, आम्ही नवरा-बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. मुलीचं म्हणणं, घर ‘मिनिमल’ हवं. म्हणजे सामान कमी, जागा मोकळी. पण गाण्यासारखी या साधेपणाचीही घराणी आहेत.

जपानी घराणं जमिनीशी नातं ठेवतं. तिथं खोलीचं माप तातामी चटयांत सांगतात. एक चटई साधारण सहा फूट लांब, तीन फूट रुंद. रात्री गादी अंथरायची, सकाळी घडी करून फडताळात ठेवायची. आपल्या चाळींत वळकटीनं वर्षानुवर्षं हेच केलं. तेव्हा त्याला कुणी शैली म्हटलं नाही.

उत्तर युरोपातल्या घराण्याला उजेडाची भूक आहे. तिथला हिवाळ्याचा दिवस फार लहान, म्हणून भिंती पांढऱ्या आणि लाकूड फिकट. फिनलंडच्या अल्वार आल्तो यांनी १९३३ साली बर्चच्या लाकडाचं तीन पायांचं स्टूल केलं. अशी स्टुलं एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवता येतात. हॉलंडमध्ये उट्रेख्तला गेरिट रीटवेल्ट यांनी १९२४ साली घडवलेल्या घरात वरच्या मजल्यावर सरकत्या भिंती आहेत. त्या उघडल्या की एक मोठी जागा, लावल्या की वेगवेगळ्या खोल्या. आणि आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामची बापूकुटी आहेच: माती, बांबू आणि कौलं.

ही घराणी एकत्र आणताना नक्कल चालत नाही. गवती तातामीला आपल्या पावसाळ्यात बुरशीपासून जपणं हेच एक काम होईल. पांढरीशुभ्र भिंत मे महिन्यात डोळ्यांवर येते. म्हणून आम्ही भिंतींना सायीचा रंग दिला आणि सगळ्या लाकडाची छटा एकच ठेवली. एवढा एक धागा असला, की निरनिराळ्या शैली एकमेकींशी भांडत नाहीत. बाहेरच्या खोलीत सरकतं दार केलं, त्यामुळे मुलीला रात्री अभ्यासाला कोपरा मिळाला. खिडकीपाशी एका चटईएवढी जमीन रिकामी सोडली. दिवसा तिथं माझी जानमाज, रात्री मुलीची गादी.

अडलं ते अम्मीपाशी. जमिनीलगतची बैठक सुंदर दिसते, पण तिचे गुडघे वाकत नाहीत. नमाजही ती खुर्चीवर बसूनच पढते. शिवाय तिची लोखंडी पेटी. लग्नात आलेली तांब्याची भांडी, अब्बांचा चष्मा, जुनी पत्रं, सगळं तीत. मुलगी म्हणाली, ‘‘दादी, पेटी काढू या का?’’ अम्मीनं एवढंच विचारलं, ‘‘मग मी कुठं राहू?’’

मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच टेप घेऊन पेटीची उंची मोजली, अम्मीला खुर्चीवर बसवून गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं. त्या मापानं दिवाण झाला, पेटी त्याच्या पोटात गेली. काढलं ते शोकेस, प्लॅस्टिकची फुलं आणि दोन टीपॉय. त्यांची आठवण आजवर कुणाला आलेली नाही.

कवितेतही शब्द गाळताना मी हेच पाहतो: काढल्यावर कुणाला दुखतं का? तेव्हा सुताराला बोलावण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बसवा आणि पहिलं माप त्याचं घ्या.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)