राखेखालचा निखारा
(वाडी येथील महिलांच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज एका चुकीची कबुली देऊन सुरुवात करते. चूक माझीच आहे.

काही वर्षांपूर्वी गडचिरोलीकडून मजुरीला आलेलं एक गोंड कुटुंब आपल्या वाडीत गोदामामागच्या खोलीत राहत होतं. घरची सून पाच महिन्यांची गरोदर होती. तपासणीत तिला एचआयव्ही असल्याचं कळलं, तेव्हा मीच तिला एआरटी केंद्रात घेऊन गेले. परतताना ती म्हणाली, "ताई, आमच्या घरच्याले मागल्या वर्षी टीबी होता. मले काही होणार नाही ना?" मी विचारलं, "खोकला आहे का?" ती नाही म्हणाली. "मग काळजी करू नकोस," असं सांगून मी मोकळी झाले. बाळंतपणानंतर तीन महिन्यांत ती टीबीने अंथरुणाला खिळली.

खोकला नाही म्हणजे टीबी नाही, असं मी धरून चालले होते. टीबीचे जंतू शरीरात शिरूनही वर्षानुवर्षं निजून राहू शकतात. चुलीतली राख वरून थंड असते, आत निखारा धुमसतो, तसंच हे. याला सुप्त संसर्ग म्हणतात. अशा माणसाला त्रास नसतो आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. जगातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लोकांना हा संसर्ग झालेला असतो, पण त्यांतल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. एचआयव्हीमुळे मात्र हा निखारा पेटण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. बाळंतपणानंतरचे महिनेही जोखमीचे असतात.

हे आपल्याच महाराष्ट्रात दिसून आलं आहे. पुण्याच्या बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालयात एचआयव्ही असलेल्या ७१५ स्त्रियांवर बाळंतपणानंतर लक्ष ठेवण्यात आलं. त्यांतल्या २४ जणींना टीबी झाला. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्या मातांना टीबी झाला, त्यांच्या बाळांच्या मृत्यूचा धोका तिपटीहून अधिक होता. त्या काळी एआरटीची औषधं आजच्यासारखी सर्वांपर्यंत पोचली नव्हती.

पुढे पुण्यातच एचआयव्ही नसलेल्या ४०१ स्त्रियांची गरोदरपणात, बाळंतपणाच्या वेळी किंवा त्यानंतर तपासणी झाली. रक्ताच्या चाचणीत १५० जणींना संसर्ग आढळला, हातावर सुई टोचून केलेल्या चाचणीत फक्त ५९ जणींना. गरोदरपणात शरीराची प्रतिकारशक्ती बदलते, म्हणून चाचणीचं उत्तरही बदलू शकतं. तेव्हा "चाचणी साफ आली" एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

सुप्त संसर्गावर प्रतिबंधक औषध आहे. ते गरोदरपणात द्यायचं की बाळंतपणानंतर, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं. भारतासह आठ देशांत एचआयव्ही असलेल्या ९५६ गरोदर स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरोदरपणातच औषध सुरू केलेल्यांत गर्भाला त्रास होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणून शेजारणीच्या गोळ्या कुणी घेऊ नयेत आणि स्वतःच्या गोळ्या मनाने थांबवूही नयेत.

आपण काय करू शकतो? घरभेटीला गेलात की गरोदर बाईला आणि बाळंतिणीला पाच गोष्टी विचारा: खोकला आहे का, ताप येतो का, रात्री घाम सुटतो का, वजन कमी होतंय किंवा वाढतच नाही का, आणि घरात कुणाला टीबी होता का? एकाचंही उत्तर "हो" आलं तर तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात जा. तपासणी आणि औषधं तिथे मोफत आहेत. टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी सरकारकडून महिन्याला १००० रुपये मिळतात. त्यासाठी बँक खातं काढायला मदत करा. तिचा एचआयव्हीचा अहवाल मात्र प्रार्थनेचा विषय म्हणूनही चारचौघांत बोलू नका.

ती बहीण सहा महिने गोळ्या घेऊन बरी झाली. बाळालाही प्रतिबंधक औषध दिलं. आता ते अंगणवाडीत जातं. मला भेटली की ती हसते, पण तिचा तो पहिला प्रश्न मला आजही ऐकू येतो. तुम्हाला कुणी तो विचारला, तर माझ्यासारखं उत्तर देऊ नका. तिचा हात धरा आणि दवाखान्याची वाट धरा.

प्रभू आपणा सर्वांस या सेवेसाठी सामर्थ्य देवो.