पडका वाडा, ओसाड बाग आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मंडळाने वर्षभरात काय केले ते सांगण्याचा प्रघात आहे. तो भाग चिटणीसबाईंनी उत्तम पार पाडला. मी मात्र राहून गेलेल्या एका कामाविषयी बोलणार आहे.

दोन तक्रारी नेहमी आपल्या कानी येतात. जुने वाडे पडत चालले, ही एक. आणि बागेत, गडाच्या वाटेवर संध्याकाळी दारूच्या बाटल्या फुटतात, ही दुसरी. मला या दोन्ही एकच वाटतात. जेथे रोज झाडलोट होते, सांजवात लागते, तेथे बाटली येत नाही. वाटण्यांच्या वादात वाड्याला कुलूप लागते. कौले कोणी शाकारायची हे ठरत नाही. चार पावसाळ्यांत तुळयांची टोके कुजतात, भिंत खचते. आणि मग त्या चौकात पहिली बाटली येते. बागेचेही तसेच. दिवा गेला, फाटक मोडले, की लेकुरवाळ्या बायका जाणे सोडतात आणि भलतीच मंडळी तेथे बसू लागतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. शिवनेरीवर १६३० साली जिजाऊंच्या पोटी शिवराय जन्मले. गड केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम मना आहे. त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. स्मारकाची नासधूस करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. गडकिल्ल्यांवर दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली कारवाई करावी, असे राज्याच्या गृहखात्याने २०२० साली बजावले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिलेल्या १२ किल्ल्यांत शिवनेरीही आहे.

पण आपल्या आळीतल्या वाड्याचे काय? त्याची दखल दिल्ली घेणार नाही. ती आपल्या नगरपरिषदेनेच घ्यायची आहे. वारसा-इमारतींची यादी करण्याची सोय नियमांत आहे. यादीत नाव नसेल, तर वाडा ही केवळ एक मोडकळीस आलेली इमारत ठरते. मात्र नुसती यादी करून भागत नाही. ज्या विधवा बाईला पत्र्याचेही पैसे जमत नाहीत, तिला ‘वाडा पाडू नका’ एवढेच सांगणे हा अन्याय आहे. म्हणून यादीबरोबर घरपट्टीत सूट आणि दुरुस्तीस साहाय्य, ही मागणीही आपण केली पाहिजे.

दारूच्या बाबतीत तर अधिकार आपल्याच हाती आहे. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातील वा वॉर्डातील २५ टक्के स्त्री-मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर परवान्याच्या दुकानावर गुप्त मतदान घेतात. उभी बाटली की आडवी, एवढाच सवाल. पण येथे एक मेख आहे. दुकान बंद होण्यास आलेल्या मतांच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे स्वयंपाक आटोपला नाही म्हणून जी घरी राहिली, तिचे मत न देताच उभ्या बाटलीला गेले!

भगिनींनो, आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव मिळाले, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तेथली घरे धरणासाठी गेली. लोकांना ती राखता येण्यासारखी नव्हती. जुन्नरचे वाडे, घोडेगाव-मंचरच्या आळ्या यांना कोणतेही धरण बुडवीत नाही. ती घरे जातील ती आपल्या गप्प बसण्याने जातील.

ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असा कायदा आहे. स्थानिक संस्थांत निम्म्या जागाही २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेव्हा पुढील सभेला आपण सर्वांनी जावे आणि तीन ठराव लिहून द्यावेत: जुन्या घरांची यादी, बागेत दिवा व राखणदार, आणि बागेजवळील दारू-दुकानाविषयी मतदानाची मागणी. सह्यांचा कागद बाहेर टेबलावर ठेवला आहे. तिळगुळाइतक्याच आपुलकीने तो शेजारणीच्या हाती द्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.