हबशी म्हणजे कोण?



मी सातवी शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्या. माझी धाकटी लेक सावळी. रागावले की मी तिला ‘हबशीण’ म्हणायची. एकदा ती शाळेतून आली नि म्हणाली, “आई, मलिक अंबरही हबशीच होता!”

हबसाण म्हणजे आफ्रिकेतला इथिओपिया. तिथून गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले. जमिनीखालून नहर काढून पाणी आणले. शेते मोजून सारा ठरवला. १६२६ साली तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

ज्याने आपल्या मराठवाड्याला पाणी पाजले, त्याच्या लोकांचे नाव आपण शिवी म्हणून वापरावे का? मी तो शब्द सोडला. तुम्हीही सोडा, एवढेच मागणे.