ड्रमची नावे आणि तोंडाचे काम



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनस, कंत्राट नाहीतर किमान वेतनावर बोलणार, अशी आपली समजूत असणार. आज आम्ही ड्रमच्या नावांवर बोलणार आहोत. त्याचे कारण आधी सांगतो.

खोपोलीला आमच्या संघटनेच्या खोलीबाहेर संध्याकाळी पोरे जमतात आणि नुसत्या तोंडाने ड्रम वाजवतात. याला बीटबॉक्सिंग म्हणतात. सुरुवातीला आम्ही त्यांना हाकलून दिले. एके दिवशी दोघांचा तंटा आमच्यापुढे आला. एक म्हणे, ‘‘तुझा बीट चुकला.’’ दुसरा विचारी, ‘‘त्यातले काय चुकले?’’ ते मात्र पहिल्याला सांगता येईना. हा तंटा आमच्या ओळखीचा होता. यंत्र चालवणाऱ्याच्या कार्डावर ‘हेल्पर’ लिहिले की पगारही हेल्परचाच मिळतो. कामाला नेमके नाव नसले, तर चूक दाखवता येत नाही आणि हक्कही मागता येत नाही.

म्हणून आम्ही कर्जतच्या एका वाजंत्री स्नेह्याजवळ बसून ही नावे शिकलो. तीच आपल्यापुढे ठेवतो.

जमिनीवर आडवा ठेवलेला सर्वांत मोठा ढोल तो बास ड्रम. तो पायाने पेडल दाबून वाजवतात, म्हणून त्याच्या ठोक्याला ‘किक’ म्हणतात. ओठ घट्ट मिटून ‘ब’ फोडला की तोंडात किक झाली. गुडघ्यांपुढचा उथळ ड्रम तो स्नेअर. त्याच्या खालच्या कातड्यालगत तारा ताणलेल्या असतात, त्यांच्यामुळे आवाजाला खरखर येते. तोंडात त्याचा ‘क’ किंवा ‘प्फ’ होतो. डाव्या पायाशी दांड्यावर समोरासमोर बसवलेल्या दोन झांजा म्हणजे हाय-हॅट. त्या मिटलेल्या असताना ‘ट्स’ वाजतात, उघड्या असताना ‘त्स्स्स’ असे लांबतात. तारा नसलेले ते टॉम. ओळ संपताना त्यांवरून लहानाकडून मोठ्याकडे हात फिरवतात, त्या भरणीला ‘फिल’ म्हणतात. मोठ्या झांजांपैकी ‘क्रॅश’ जोर द्यायला एकदाच वाजते, तर ‘राईड’वर काठी सारखी चालू असते.

नवशिक्याने किक, हाय-हॅट आणि स्नेअर एवढी तीनच नावे धरावीत: ब ट्स क ट्स, ब ट्स क ट्स. ही आठ अक्षरे झाली, आपल्या केरव्याच्या आठ मात्रांइतकी. इंग्रजी मुलखात हेच ‘बूट्स अँड कॅट्स’ असे घोकवतात. आपल्याला यात नवल वाटू नये. आपल्याकडे तबला शिकणारा आधी ‘धा धिं धिं धा’ तोंडाने म्हणतो, मग हात उचलतो. बोल हे हाताच्या कामाला दिलेले नावच आहे.

आता यातली आमच्या धंद्याची गोष्ट. पूर्वी बास ड्रम एक माणूस वाजवी, स्नेअर दुसरा, झांजा तिसरा; लग्नाच्या बँडमध्ये आजही तसेच असते. १९०९ साली शिकागोच्या लुडविग बंधूंनी पेडलचे पेटंट घेतले. त्याआधीही पेडल होती, पण पुढे हा सरंजाम पक्का झाला आणि तिघांचे काम एकाच्या अंगावर आले. नाटकगृहाच्या मालकाची जागाही वाचली आणि पगारही. मुंबईच्या गिरण्यांत विणकराला दोनाऐवजी तीन साचे द्यायचे ठरले, तेव्हा १९२८ साली कामगारांनी सहा महिने संप केला. ड्रमवाल्यांच्या वाट्याला आलेली ती तीच गोष्ट होती. पुढे तो एक माणूसही नको झाला. ठेका देणारी यंत्रे आली. १९८० साली जपानच्या रोलँड कंपनीने काढलेले टीआर-८०८ हे त्यांतले नावाजलेले. असल्या यंत्रालाच लोक ‘बीटबॉक्स’ म्हणत.

मग न्यूयॉर्कच्या वस्त्यांतल्या पोरांनी काय केले? त्यांनी यंत्राचा आवाज तोंडाने काढला. डग ई. फ्रेश, फॅट बॉईजमधला बफी ही त्यांतली नावे. लोक त्यांना ‘मानवी बीटबॉक्स’ म्हणू लागले. माणसाचे काम यंत्राकडे गेले होते, ते माणसाने यंत्राच्या नावासकट परत आणले. आमच्या उभ्या आयुष्यात गेलेले काम असे परत आलेले आम्ही फार थोड्या वेळा पाहिले आहे.

म्हणून आमच्या खालापूर-कर्जतच्या पोरांना आम्ही आता हाकलत नाही. ड्रमसेट घ्यायला त्यांच्या बापाजवळ पैसे नाहीत. तोंड मात्र प्रत्येकाजवळ आहे. पण नुसते तोंड पुरत नाही. कोणता आवाज कोणाचे काम करतो आहे, हे ज्याला सांगता येते, तोच दुसऱ्याला शिकवू शकतो. तंटा केलेल्या त्या पोराने परवा जोडीदाराला सांगितले, ‘‘किक बरोबर आहे, स्नेअर उशिरा येतो.’’ जोडीदाराने तेवढेच दुरुस्त केले. भांडण झाले नाही.

आपल्या घरी मुलगा किंवा मुलगी तोंडाने काही वाजवत असेल, तर गप्प करण्याआधी एकच विचारा: ‘‘यातला स्नेअर कुठला?’’ उत्तर आले तर पाच मिनिटे ऐका. नाही आले तर ही तीन नावे सांगा.